डिपॉझिशनला जाताय? मान डोलावू नका, तोंडाने बोला

अमेरिकेत बरीच वर्षं राहिलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी हा कागद येतो. गाडीचा अपघात, घरमालकाशी डिपॉझिटवरून वाद, कंपनीची कुठली तरी केस, कारण काहीही असो, एक दिवस नोटीस किंवा सबपीना (साक्षीला हजर राहण्याचा कायदेशीर हुकूम) हातात पडतो आणि त्यात लिहिलेलं असतं की अमुक तारखेला अमुक ऑफिसात हजर राहा, तुमचं डिपॉझिशन घ्यायचंय. पहिली रिअ‍ॅक्शन सगळ्यांची एकच, "अहो पण मी काय केलंय?" बहुतेक वेळा काही केलेलं नसतं. तुम्ही काहीतरी पाहिलंय, किंवा कुठल्या तरी ईमेलवर तुमचं नाव आहे, एवढंच.

मी दोनदा दिलंय. एकदा माझ्या गाडीला सिग्नलला मागून ठोकलं तेव्हा, आणि एकदा ऑफिसच्या एका कॉन्ट्रॅक्टच्या भांडणात. पहिल्या वेळी मी व्यवस्थित माती खाल्ली, दुसऱ्या वेळी जरा शहाणपणा आला होता. मी वकील नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये काय करायचं ते तुमच्या वकिलालाच विचारा, पण वकील जे सांगतो ते आपल्या मराठी डोक्यात नीट का शिरत नाही आणि आपण नेमके कुठे घसरतो हे मला आता पक्कं कळलंय, म्हणून लिहितोय.

आधी हे आहे तरी काय. डिपॉझिशन म्हणजे कोर्टाबाहेर पण शपथेवर दिलेली साक्ष. जज नाही, ज्युरी नाही, पिंजरा तर नाहीच नाही. एखाद्या वकिलाच्या ऑफिसातली कॉन्फरन्स रूम, लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, दोन्हीकडचे वकील, कधीकधी एक व्हिडिओवाला, आणि टेबलाच्या टोकाला कोर्ट रिपोर्टर. ही व्यक्ती त्या छोट्याशा स्टेनो मशीनवर तुमचा शब्द न् शब्द टिपते, मिनिटाला २०० च्या वर शब्द टिपायची त्यांची प्रॅक्टिस असते. सुरुवातीला तीच तुम्हाला उजवा हात वर करायला लावून शपथ देते. देवाची शपथ नको असेल तर नुसतं सत्यप्रतिज्ञेवर म्हणता येतं. ही शपथ कोर्टातल्या शपथेइतकीच खरी, मुद्दाम खोटं बोललात तर तो पर्जरीचा गुन्हा, फेडरल कायद्यात त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि हे सगळं इतक्या साध्या मीटिंगसारख्या वातावरणात चालतं की माणूस विसरूनच जातो. समोरचा वकील हसून "कॉफी घेणार का" विचारतो, मग नोकरी कुठे, शिक्षण कुठे, इथे किती वर्षं झाली, असं गोड गोड चालतं आणि अर्ध्या तासात आपण लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे गप्पा मारायला लागतो. गोची तिथेच आहे. तुम्ही तिथे जे बोलाल त्याचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शब्दशः लेखी नोंद, होतं, आणि पुढे केस ट्रायलला उभी राहिली आणि तुम्ही तिथे थोडं जरी वेगळं बोललात तर तोच गोड वकील पान नंबर आणि ओळ नंबर सांगून तुमचंच वाक्य तुम्हाला वाचून दाखवतो.

किती वेळ चालतं? फेडरल कोर्टाच्या केसमध्ये एक दिवस आणि जास्तीत जास्त ७ तास, आणि हे प्रत्यक्ष प्रश्नोत्तरांचे तास, जेवणाची सुट्टी त्यात धरत नाहीत. स्टेट कोर्टात राज्यागणिक वेगळं, टेक्ससमध्ये एका बाजूला ६ तास, इलिनॉयमध्ये ३ तास. साध्या अपघाताच्या केसमध्ये बऱ्याचदा दोन-तीन तासांत उरकतं. पण त्या दिवशी दुपारी मुलांना शाळेतून आणायची जबाबदारी स्वतःवर ठेवू नका, घड्याळाकडे बघत दिलेली उत्तरं वाईट असतात.

कागद आल्या आल्या तो नीट वाचा, अगदी शेवटच्या पानापर्यंत. दोन गोष्टी बघायच्या. एक, तुम्ही केसमध्ये पार्टी (म्हणजे वादी किंवा प्रतिवादी) आहात की बाहेरचे साक्षीदार. बाहेरचे असाल तर फेडरल सबपीनाने तुम्हाला साधारणपणे तुम्ही राहता, काम करता किंवा नेहमी स्वतः जाऊन धंदा करता तिथपासून १०० मैलांच्या पलीकडे बोलावता येत नाही, आणि दिवसाचे ४० डॉलर आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळतो, श्रीमंत व्हाल अशी आशा नको. दुसरं, सोबत कागदपत्रं आणायला सांगितलंय का. बऱ्याचदा मागे एक यादी जोडलेली असते, अमुक काळातले ईमेल, फोटो, मेसेज, रिपेअरची बिलं. ती यादी न बघता रिकाम्या हाताने गेलं की दिवस फुकट जातो आणि परत बोलावतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, काहीही डिलीट करू नका. व्हॉट्सअ‍ॅप सुद्धा. आपल्याकडे अपघात झाला की पहिला फोटो पोलिसांना नाही, फॅमिली ग्रुपवर जातो आणि खाली लिहिलेलं असतं "काही विशेष नाही, थोडक्यात वाचलो, मी ठीक आहे". सहा महिन्यांनी मानेच्या दुखण्यासाठी केस केली की तो मेसेज समोरच्या बाजूला पाहिजेच असतो. तो आवडो न आवडो, आहे तसा ठेवायचा आणि आपल्या वकिलाला आधीच दाखवायचा. पुसलेला मेसेज सापडला तर मूळ मेसेजपेक्षा तो पुसला हेच जास्त महागात पडतं, कोर्ट त्यासाठी दंड करू शकतं.

वकील कोणाचा आहे हेही विचारून घ्या. कंपनीच्या केसमध्ये कंपनीचा वकील तुमच्याशी फार आपुलकीने बोलतो, तयारी करून घेतो, पण तो वकील कंपनीचा असतो, आपोआप तुमचा होत नाही. चांगला वकील हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, त्याला तिकडे अपजॉन वॉर्निंग म्हणतात, १९८१ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका केसवरून ते नाव पडलंय. म्हणजे काय तर तुमच्यातलं बोलणं गुप्त राहतं ते कंपनीच्या हक्काने, उद्या कंपनीला वाटलं तर ती ते उघड करू शकते. तुम्ही स्वतः कुठे अडकू शकता अशी जरा जरी शंका असेल, आणि फौजदारी काही असण्याची शक्यता असेल तर शंभर टक्के, स्वतःचा वेगळा वकील गाठा, डिपॉझिशनच्या आधी, नंतर नाही.

तयारीची मीटिंग एक तरी हवीच, शक्यतो दोन. पहिली आठवडाभर आधी, दुसरी आदल्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या. त्यात वकिलाला सगळं सांगायचं, लाजिरवाणं असेल ते आधी. जुना स्पीडिंगचा दंड, आधीची क्लेम, फेसबुकवर टाकलेला ट्रेकिंगचा फोटो, बॉसला रागाने पाठवलेला ईमेल. हे समोरच्याला माहीत असतंच असं धरून चाला, तुमच्या वकिलाला ते पहिल्यांदा त्या खोलीत कळता कामा नये. तुमचं आणि तुमच्या वकिलाचं बोलणं गोपनीय असतं. मित्राशी, मेव्हण्याशी, ऑफिसातल्या कलीगशी केलेली चर्चा मात्र गोपनीय नसते, "या केसबद्दल तुम्ही आणखी कोणाशी बोललात?" हा प्रश्न ठरलेला आहे. म्हणून नोटीस आल्यापासून तोंडाला कुलूप. नवरा-बायकोच्या बोलण्याला बऱ्याच ठिकाणी संरक्षण आहे पण ते किती आणि कुठे ते वकिलालाच विचारा.

काय वाचून जायचं? तुमच्या नावाने आधी दिलेली लेखी उत्तरं, पोलीस रिपोर्ट, तुमचेच ईमेल, फोटो. पण वकील देईल तेवढंच. मी पहिल्या वेळी उत्साहाने घरी बसून चार पानांची टिपणं काढली, तारीखवार, रंगीत पेनाने, आणि सोबत घेऊन गेलो. समोरच्या वकिलाने विचारलं, तुम्ही तयारीसाठी काय वाचलंत, मी अभिमानाने पानं काढून दाखवली. झालं, ती पानं एक्झिबिट झाली, म्हणजे पुरावा म्हणून रेकॉर्डला जोडली गेली. आठवण ताजी करायला जे वाचता ते समोरचा मागू शकतो, हे मला तोवर कोणी सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. तेव्हा वकिलाला न विचारता काही लिहून काढायचं नाही, आणि खोलीत काहीही घेऊन जायचं नाही, जे आणायला सांगितलंय ते सोडून.

"तुम्ही वकिलाला भेटून तयारी केलीत का?" असंही विचारतात, जरा चोर पकडल्याच्या सुरात. बिनधास्त "हो" म्हणा. तयारी करणं हा गुन्हा नाही. काय बोलणं झालं हे मात्र सांगायचं नाही, तिथे तुमचा वकील अडवेलच.

आता आपल्या भाषेचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी एवढं टाइप करत बसलोय.

आपल्याला वाटतं आपलं इंग्लिश चांगलं आहे, रोज ऑफिसात तेच बोलतो. बरोबर आहे, पण आपण इंग्लिश शब्द मराठी सवयीने वापरतो. सगळ्यात धोकादायक सवय नकारार्थी प्रश्नाची. मराठीत कोणी विचारलं "तू काल गेला नाहीस ना?" तर आपण म्हणतो "हो, नाही गेलो". आपला होकार समोरच्याच्या वाक्याला असतो. इंग्लिशमध्ये उलटं. माझ्या पहिल्या डिपॉझिशनमध्ये अक्षरशः हे झालं. समोरच्या वकिलाने विचारलं,

"यू डिडन्ट ब्रेक सडनली, डिड यू?"

मी म्हणालो, "येस."

माझ्या मनात, हो, बरोबर आहे तुमचं, मी नाही मारला अचानक ब्रेक. कागदावर काय उमटलं? नुसतं "येस". तो वाचणाऱ्याला काय वाटेल? की हो, मारला ब्रेक. समोरचा वकील क्षणभर थांबला, पेनाने काहीतरी खरडलं आणि पुढच्या प्रश्नावर गेला. त्याला कळलं होतं की नाही कोण जाणे. माझ्या वकिलाच्या कपाळावरची आठी मात्र मला दिसली, आणि शेवटी तिच्या पाळीला तिने तोच प्रश्न सरळ करून विचारला तेव्हा ते निस्तरलं. तेव्हापासून नियम, नकारार्थी प्रश्न आला की नुसतं येस-नो अजिबात म्हणायचं नाही, पूर्ण वाक्य बोलायचं. "आय डिड नॉट ब्रेक सडनली." संपलं. घरी कोणाला तरी बसवा आणि असे पंधरा-वीस उलटे प्रश्न विचारायला लावा, तुम्ही स्वतःच चाट पडाल किती वेळा चुकता ते.

दुसरं, मान. आपली ती डावी-उजवीकडे डोलणारी मान अमेरिकनांना तशीही कळत नाही, स्टेनो मशीनला तर नाहीच. "अंहं" आणि "हंहं" तर विसराच, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. रिपोर्टर बिचारी मधेच थांबवून "तोंडाने उत्तर द्या प्लीज" म्हणते. तसंच हाताने "एवढं अंतर होतं" असं दाखवलं तर वकील लगेच "साक्षीदार हातांनी अंदाजे दोन फूट दाखवतोय" असं रेकॉर्डवर बोलून टाकतो, आणि ते दोन फूट तुमचे होतात, त्याने मोजलेले असले तरी.

तिसरं, "आम्ही". आपण नम्रपणा म्हणून मी केलेल्या कामालाही "आम्ही केलं" म्हणतो, ऑफिसात तर "वी डिसायडेड, वी चेक्ड" हे तोंडातच बसलेलं असतं. डिपॉझिशनमध्ये वकील लगेच पकडतो, वी म्हणजे कोण कोण? नावं सांगा. आणि मग ज्या चार लोकांचा काही संबंध नाही त्यांना पण नोटिसा. तुम्ही केलं असेल तर "आय" म्हणा, तुम्हाला माहीत नसेल कोणी केलं तर तसं सांगा.

तारखांचंही तसंच. आपण दिवस आधी आणि महिना नंतर म्हणायला शिकलोय, अमेरिकेत उलटं. ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे? महिन्याचं नाव घेऊन बोलायचं, कायम. आणि "आय हॅव अ डाउट" हे वाक्य विसरा, आपल्याला म्हणायचं असतं मला एक प्रश्न आहे, त्यांना ऐकू येतं की मला संशय आहे.

इंग्लिशचा भरवसा नसेल, विशेषतः आईवडील किंवा सासूसासरे साक्षीदार असतील तर, इंटरप्रिटर मागा, आणि आधीपासून मागा, तारखेच्या आदल्या दिवशी नाही. "इंडियन" म्हटल्यावर हिंदीचा पाठवतील, मराठीच हवा हे स्पष्ट लिहून कळवा. इंटरप्रिटर असेल तर एक शिस्त पाळायची, प्रश्न इंग्लिशमध्ये कळला तरी भाषांतर संपेपर्यंत थांबायचं आणि उत्तर मराठीतच द्यायचं. अर्धं मराठी अर्धं इंग्लिश अशी भेळ केली तर रेकॉर्डची पण भेळ होते, आणि वर समोरचा म्हणतो यांना इंग्लिश येतं की सगळं. आईंना हेही सांगून ठेवा की इंटरप्रिटर आपली मराठी असली तरी आपल्या बाजूची नाही, तिला "तूच सांग ना गं त्यांना नीट" असं म्हणायचं नसतं.

बरं, उत्तरं द्यायची कशी. पूर्ण प्रश्न ऐका, मनात एक-दोन मोजा, मग बोला. हा थांबा तीन कामं करतो, प्रश्न नीट कळतो, रिपोर्टरला दोघांचं बोलणं एकावर एक येत नाही, आणि तुमच्या वकिलाला ऑब्जेक्शन घ्यायला जागा मिळते. ट्रान्सक्रिप्टमध्ये तुम्ही किती वेळ थांबलात ते दिसत नाही. व्हिडिओत दिसतं, पण विचार करून बोलणारा माणूस व्हिडिओत वाईट दिसत नाही.

विचारलंय तेवढंच सांगा. "तुम्हाला वेळ माहीत आहे का?" याचं उत्तर "हो" आहे, "साडेचार" नाही. ऐकायला उद्धट वाटतं ना? मलाही वाटलेलं. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की मोठ्यांनी विचारलं तर नीट सविस्तर सांगावं, एका शब्दात उत्तर म्हणजे आगाऊपणा. तिथे तो संस्कार बाहेर काढून ठेवायचा. तुमची बाजू पटवून द्यायची ती जागाच नाही, ते काम ट्रायलला तुमच्या वकिलाचं. डिपॉझिशनमध्ये तुम्ही कोणाला जिंकू शकत नाही, हरू मात्र शकता.

आणि शांतता. तुमचं उत्तर संपलं, समोरचा वकील काही बोलत नाही, नुसता बघतोय, भुवई जराशी वर. पाच सेकंद, दहा सेकंद. आपल्याला अशी शांतता सहन होत नाही, पाहुणे आले आणि गप्प बसले तर आपण हवापाण्यावर येतोच. इथे पण आपोआप तोंडातून निघतं, "म्हणजे तसं मी फोनकडे एकदा बघितलं होतं पण..." तो फोन कोणी विचारलाच नव्हता! उत्तर संपलं की तोंड बंद, पाण्याचा घोट घ्या, भिंतीवरचं चित्र बघा, काहीही करा.

"माहीत नाही" आणि "आठवत नाही" यात फरक आहे, तो सांभाळा. माहीत नाही म्हणजे कधी माहीतच नव्हतं. आठवत नाही म्हणजे तेव्हा कदाचित माहीत असेल, आत्ता डोक्यात नाही. "आठवत नाही" म्हटलं तर वकील कागद समोर ठेवून विचारतो, आता आठवतं का, आणि आठवलं तर हो म्हणायचं. दोन्ही उत्तरं खरी असतील तर चालतात, पण प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला "आठवत नाही" म्हणत सुटलात तर ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. कालचं आठवत नाही आणि दहा वर्षांपूर्वीचा पगार आठवतो, असं कोणाला पटेल?

अंदाजाचंही बघा. "गाडी किती वेगात होती, साधारण सांगा" असं म्हणतात. तुम्ही खरंच पाहिलं असेल आणि त्यावरून अंदाज बांधता येत असेल तर "अंदाजे" असं स्पष्ट म्हणून सांगा, आकडा फुटा-मैलात येत नसेल तर तुमच्या मापात सांगा, तीन गाड्या मावतील एवढं अंतर होतं, सिग्नल एकदा बदलेपर्यंतचा वेळ गेला. पाहिलंच नसेल तर तो अंदाज होत नाही, ती फेकाफेक होते, तिथे "मला माहीत नाही". समोरचा म्हणेल, ५० असेल का? ४० असेल का? भाजीवाल्यासारखा भाव पाडत येईल. तुम्ही जिथे आहात तिथेच राहा.

"नेहमी" आणि "कधीच नाही" हे शब्द घरी ठेवून या. "मी गाडी चालवताना कधीच फोन वापरत नाही" म्हणालात की पुढचा प्रश्न ठरलेला, आणि एखादं फोन बिल त्याच्याकडे असतंच. "आणखी काही?", "एवढंच ना?" असं विचारलं तर "आत्ता आठवतंय ते एवढंच" म्हणा, पुढे काही आठवलं तर दार उघडं राहतं. आणि "खरं सांगायचं तर" ही आपली लाडकी सुरुवात तर नकोच, मग आत्तापर्यंत काय सांगत होतात?

"म्हणजे तुमचं म्हणणं असं की..." म्हणून वकील तुमचं बोलणं स्वतःच्या शब्दांत गुंडाळून परत देतो. तीन गोष्टी बरोबर असतात आणि चौथी हळूच बदललेली. "म्हणजे रस्ता ओला होता, तुम्ही घाईत होतात आणि सिग्नल पिवळा झाला, बरोबर?" घाईत कोण म्हणालं? आपण सौजन्याने "हो हो" करून मोकळे होतो. त्यातला एक जरी शब्द तुमचा नसेल तर "नाही, मी तसं म्हणालो नाही" एवढं म्हणा. एकात तीन प्रश्न कोंबले असतील तर सरळ सांगा, एकेक विचारा. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणा. न कळता दिलेलं उत्तर कळून दिलं असंच धरलं जातं, कारण सुरुवातीलाच त्याने तुमच्याकडून वदवून घेतलेलं असतं की प्रश्न समजला नाही तर तुम्ही सांगाल. त्याच वेळी विचारतो, तुम्ही असं कुठलं औषध घेतलंय का ज्याने आठवणीवर परिणाम होईल. घेतलं असेल तर खरं सांगा, सर्दीची झोप आणणारी गोळी सुद्धा.

कागद पुढे सरकवला की पूर्ण वाचा. दहा पानी असेल तर दहा पानं, तो बोटं वाजवत बसला तरी. तारीख बघा, कोणाकडून कोणाला आहे ते बघा, वरखाली अजून ईमेल आहेत का बघा. ऑफिसच्या केसमध्ये मला माझाच एक ईमेल दाखवला, त्यात मी लिहिलं होतं "दिस इज अ डिझास्टर". वाचल्यावर लक्षात आलं की ते त्या प्रोजेक्टबद्दल नव्हतंच, त्याच्या खालच्या मेलमध्ये टीम लंचच्या बुकिंगचा घोळ चालला होता. खालचं न वाचता उत्तर दिलं असतं तर बसलो असतो समजावत.

मधेमधे तुमचा वकील "ऑब्जेक्शन, फॉर्म" असं म्हणेल, म्हणजे प्रश्न ज्या पद्धतीने विचारलाय त्याला आक्षेप. तुम्ही दचकाल, गप्प बसाल. पण तिथे जज नसतो ना निर्णय द्यायला, तो आक्षेप फक्त रेकॉर्डवर राहतो आणि उत्तर द्यावंच लागतं. फक्त "उत्तर देऊ नका" असं तुमच्या वकिलाने स्पष्ट सांगितलं तरच थांबायचं, आणि हे तो मोजक्याच कारणांसाठी सांगू शकतो, मुख्यतः वकिलाशी झालेलं बोलणं विचारलं तर. हां, पण ऑब्जेक्शन ऐकलं की कान टवकारा, प्रश्नात काहीतरी गडबड असते, परत एकदा ऐकून मगच बोला.

ब्रेक हवा असेल तर मागा, दर तासाभराने तरी घ्याच, दुपारी दोननंतर माणूस "हो" म्हणून मोकळा व्हायला बघतो. प्रश्न विचारून झालाय आणि उत्तर बाकी आहे अशा वेळी मात्र ब्रेक मागू नका, ते वाईट दिसतं आणि आधी उत्तर द्यायला लावतात. ब्रेकमध्ये बाथरूममध्ये किंवा लिफ्टमध्ये केसबद्दल बोलू नका, समोरचा असिस्टंट शेजारच्याच बेसिनवर हात धूत असतो.

कपड्यांचं फार टेन्शन नको, साधे, नीटनेटके, व्हिडिओ असेल तर बारीक रेघांचा शर्ट टाळा, स्क्रीनवर नाचतो. झूमवर असेल तर एकटे बसा, फोन दुसऱ्या खोलीत, बाकीच्या सगळ्या विंडोज बंद, कोपऱ्यात मेसेज टिंग टिंग करता कामा नये. आणि बायको किंवा आई मागून चहा घेऊन येणार नाही याची व्यवस्था करा, कॅमेऱ्याबाहेर कोण बसलंय हे ते विचारतातच.

चुकलात तर? चुकाल, सगळेच चुकतात. दोन तासांनी लक्षात आलं की सकाळी तारीख चुकीची सांगितली, तर तिथेच म्हणा, मला मघाच्या एका उत्तरात दुरुस्ती करायची आहे. काही आकाश कोसळत नाही. शेवटी समोरच्या वकिलाचे प्रश्न संपले की तुमचा वकील दोन-चार विचारू शकतो, माझ्या त्या ब्रेकच्या "येस"सारखं निस्तरायला.

डिपॉझिशन संपायच्या आत तुमच्या वकिलाला आठवण करा की ट्रान्सक्रिप्ट वाचून सही करायचा हक्क रेकॉर्डवर मागून ठेव. फेडरल नियमांत तो आधी मागावा लागतो, नंतर सुचून उपयोग नाही. मग काही आठवड्यांनी ट्रान्सक्रिप्ट तयार झाल्याचं कळवतात आणि तिथून ३० दिवस मिळतात. त्यासोबत इराटा शीट म्हणून एक तक्ता असतो, पान, ओळ, काय आहे, काय हवं, आणि कारण. कंटाळा न करता सगळं वाचा, आपली नावं, गावांची नावं, आडनावं यांची त्यात हमखास वाट लागलेली असते. "फिफ्टीन"चं "फिफ्टी" झालेलं असू शकतं. अशा चुका बिनधास्त दुरुस्त करा. पण "येस"चं "नो" करायचं असेल तर स्वतःच्या मनाने लिहू नका, आधी वकिलाला फोन करा, कारण मूळ उत्तर पुसलं जात नाही, दोन्ही राहतात, आणि उत्तर का बदललं हे विचारायला परत बोलावू शकतात. माझ्या ट्रान्सक्रिप्टमध्ये अकरा दुरुस्त्या निघाल्या, त्यातल्या सात माझ्या आडनावाच्या.